तुमचं कॉम्प्युटर, आमचं उत्तर : स्पीकरमधली घुंऽऽ जाईना

प्रश्न : सर, आमचं खानापूर तालुक्यात जुनं कौलारू घर हाय. हॉलमध्ये डेस्कटॉप, त्याला बेळगावात असेंबल करून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर लावलाय, त्यालाच टीव्हीचा सेट टॉप बॉक्सपण जोडलाय. गाणं बंद असलं तरी घुंऽऽ असा जाड आवाज यायलाय आणि माऊस हलवला की वर बारीक किर्र किर्र. पावसाळ्यात जरा कमी असतोय खरं उन्हाळ्यात डोकं उठवतोय. दुकानदार म्हणतोय नवीन साऊंड कार्ड घाला. घालू काय?

उत्तर : थांबा दादा, पैसे खिशातच ठेवा. पावसाळ्यात कमी होतोय हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला सगळ्यात कामाचं तेच वाटलं, कारण साऊंड कार्डाला पावसाळा-उन्हाळा कळत नाही, अर्थिंगच्या खड्ड्याला कळतो. माती ओली आहे तोवर अर्थिंग बरं चालतं, मार्चनंतर खड्डा वाळला की बोंब.

आता एकेक वायर काढून बघायचं. आधी अ‍ॅम्प्लिफायरकडं गेलेली ऑडिओ वायर कॉम्प्युटरमधून काढा आणि मोबाईलला लावा, मोबाईल चार्जरवर नको हं. गाणं स्वच्छ वाजलं तर वायर चांगली आहे. मग ती परत कॉम्प्युटरला लावा आणि सेट टॉप बॉक्सच्या मागची बाहेरून आलेली काळी गोल केबल फिरवून सोडवा. माझा संशय तिथंच आहे. कॉम्प्युटरचं अर्थिंग येतंय तुमच्या थ्री पिनमधून, आणि ती केबल बाहेरून तिचं वेगळंच अर्थिंग घेऊन येते, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गाठ पडतात आणि ऑडिओ वायरच्या जाळीतून थोडा करंट फिरत राहतो. ह्याला ग्राउंड लूप म्हणतात. आपली लाईट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची, म्हणून ती घुंऽऽ ५० नाहीतर १०० हर्ट्झची असते.

केबल काढल्यावर आवाज गेला तर ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. छोटी डबी असते, आत दोन बारके ट्रान्सफॉर्मर, आवाज पलीकडं जातो पण तारेला तार जोडलेली राहत नाही. एकदम स्वस्तातली घेतली तर बेस जरा पातळ होतो, एवढं चालवून घ्या.

किर्र किर्र म्हणजे कॉम्प्युटरच्या आतलाच कचरा, वायर पुढच्या जॅकला लावली असणार. तो जॅक लांब वायरीनं मदरबोर्डला जातो, वाटेत सगळ्या गडबडीजवळनं. मागच्या हिरव्या जॅकला लावा, साऊंड सेटिंगमध्ये माईक आणि लाईन इन म्यूट करा, कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम वर आणि अ‍ॅम्प्लिफायरचा खाली ठेवा. लूप तुटला की ह्यातलंही बरंच जातं.

आणि कुणीतरी सांगेल की थ्री पिनची जाड पिन मोडा, आवाज जातो. जातो, खोटं नाही, पण असलं काही करायचं नाही! अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या (कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा डबा) फिल्टर कपॅसिटरमुळं कॅबिनेटवर ११० व्होल्टच्या आसपास येऊन बसतात, हाताला मुंग्या येतात त्या ह्याच, आणि उद्या एसएमपीएस बिघडून फेज कॅबिनेटला लागली तर अख्खे २३० अंगावर. तुमच्या कॅबिनेटच्या मागच्या उघड्या स्क्रूला टेस्टर लावा, पेटला तर अर्थिंग पोचत नाहीये असं समजा. वायरमनला बोलवून मीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजून घ्या, दोन-तीनपर्यंत ठीक, जास्त दिसले किंवा फेज-अर्थमध्ये २३० च्या आसपास आलेच नाहीत तर खड्डा बघायला सांगा, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा.

प्रश्न : लाईट गेली की इन्व्हर्टरवर स्पीकर घर्रर्र करतात, लाईट आली की बंद. स्पीकर बदलू काय? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : नको ओ. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार, म्हणजे लाईटीसारखी गुळगुळीत (साईन वेव्ह) नाही तर झटक्याझटक्यानं वीज देणारा, पंखापण घुमत असेल बघा. पुढच्या खेपेला साईन वेव्हचा घ्या, तोवर लाईट नसताना हेडफोन लावा.

प्रश्न : फोन वाजायच्या आधीच स्पीकर टिकटिक-टिर्रर्र करतात, व्हायरस असेल काय? (निपाणी)

उत्तर : व्हायरस नाही, मोबाईल टूजीवर असला की सेकंदाला साधारण २१७ वेळा सिग्नल फेकतो, तो स्पीकरच्या वायरीत शिरतो. मोबाईल दोन हात लांब ठेवा.