२०८ व्होल्टचं यंत्र महापेत कसं चालवायचं?

प्रश्न : महापे एमआयडीसीत आमचं लेबल छपाईचं छोटं युनिट आहे. अमेरिकेतून वापरलेलं छपाईयंत्र आणलंय. नेमप्लेटवर २०८ व्होल्ट, ३ फेज, ६० हर्ट्झ, ३० अँपिअर असं आहे. वायरमन म्हणतो, ‘२३० च्या जवळच आहे, एक फेज आणि न्यूट्रल देऊन चालवू.’ चालेल का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, तसं अजिबात जोडू देऊ नका. हे दोन आकडे जवळचे दिसतात, पण ते मोजलेत वेगवेगळ्या तारांमध्ये. आपले २३० फेज आणि न्यूट्रलमधले. दोन फेजमध्ये मीटर लावलात तर ४००-४१५ दाखवील. तुमच्या यंत्राचे २०८ मात्र दोन फेजमधले आहेत. तिकडे फेज-न्यूट्रलमध्ये १२० असतात. १२० ला १.७३२ ने (म्हणजे तीनच्या वर्गमुळाने) गुणा, २०८ येतात. तिकडच्या ऑफिस-दुकानांच्या इमारतींत हा पुरवठा सर्रास असतो, मोठ्या इमारतींत ४८०/२७७. तीन फेजच्या मोटरला एकच फेज दिली तर ती जागची हलणार नाही, नुसती घुमत राहील आणि वाइंडिंग जळेल.

तुम्हाला ४१५/२०८ चा थ्री फेज आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आतली आणि बाहेरची वाइंडिंग एकमेकांपासून वेगळी असलेला) लागेल, प्रायमरी म्हणजे आपल्या पुरवठ्याची बाजू डेल्टा (न्यूट्रल नसलेली त्रिकोणी जोडणी) आणि सेकंडरी म्हणजे यंत्राची बाजू स्टार (तिन्ही वाइंडिंगची टोकं एका बिंदूत जोडलेली). १.७३२ × २०८ × ३० म्हणजे सुमारे १०.८ केव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचं एकक), १५ चा घ्या. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण मी तो सुचवणार नाही. त्यात दोन्ही बाजूंना एकच वाइंडिंग असतं; त्याचा सामाईक भाग तुटला तर आपला पूर्ण दाब (व्होल्टेज) यंत्रावर जातो. सेकंडरीचा स्टार पॉइंट, म्हणजे न्यूट्रलचा बिंदू, अर्थिंगला जोडलेला असलाच पाहिजे.

आता हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ६० ची मोटर आपल्या ५० वर थेट लावली तर वेग सहाव्या हिश्शाने घटतो आणि २०८ व्होल्ट तेच ठेवले तर ती तापते. मुख्य मोटर ड्राइव्हवर (मोटरला हवे तेवढे हर्ट्झ देऊन वेग ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साधनावर) असेल तर बहुतेक वेळा अडचण येत नाही. तरी ड्राइव्हच्या पाटीवर ‘५०/६०’ आहे ना, ते बघा. पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर यांच्या पाट्या एकेक वाचा. ज्यावर नुसतं ६० असेल त्याला वेगळा ड्राइव्ह लावा. गंमत म्हणजे ४८० व्होल्टचं यंत्र असतं तर ही अडचण बरीच हलकी झाली असती, कारण मोटर तापणं व्होल्ट भागिले हर्ट्झ या गुणोत्तरावर ठरतं : ४८० भागिले ६० आठ, आणि आपले ४०० भागिले ५० सुद्धा आठ. मोटर हळू फिरते, पण तापत नाही.

सगळ्यात जास्त काळजी तारांच्या रंगांची घ्या. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रलची. अमेरिकन यंत्रात काळी म्हणजे फेज आणि न्यूट्रल पांढरी. वागळे इस्टेटमध्ये पॅनलची कामं करताना असं एक यंत्र मी उघडून पाहिलंय. काळी तार न्यूट्रल बारला कसलेली, पांढरी फेजला. १२० च्या कॉइलवर २०८ गेले होते; कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचची) कॉइल वितळून पत्र्याला चिकटली होती. म्हणून यंत्र जोडण्याआधी ट्रान्सफॉर्मर एकटा चालू करून मोजा : फेज-फेज तिन्ही वेळा २०८, फेज-न्यूट्रल तिन्ही वेळा १२०, न्यूट्रल-अर्थ जवळपास शून्य. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या व्यापारी संकुलात ट्रान्सफॉर्मरवर २२०००/४३३ लिहिलंय. आपल्याकडे ४१५ ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पाटी बरोबर आहे. ४३३ हा लोड नसतानाचा आकडा आहे. लोड आला की ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि केबलमध्ये थोडा दाब पडतो आणि गाळ्यापर्यंत ४१५ च्या आसपास पोचतो. रविवारी दुकानं बंद असताना मीटर जास्त दाखवील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. भर दुपारी, सगळे एसी चालू असतानाही फेज-न्यूट्रल २५० च्या वर राहत असेल, तर पुरवठा बंद करून ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेरचा दाब कमी-जास्त करायची जोडणी) बदलून घ्या.