जुन्या गाडीचा ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे कमी करणारी जोडयंत्रणा) अधूनमधून लागतो, पावसात तर लागतच नाही. सोलेनॉइड (विजेने दांडा आत ओढून ओव्हरड्राइव्ह लावणारा भाग) बदलावा का?

बदलू नये, निदान तपासल्याशिवाय तरी नाहीच. सोलेनॉइड जळतो तेव्हा दोष बहुधा दुसरीकडेच असतो, आणि तो तसाच ठेवून नवा बसवला तर तोही जळतो. दोन सोलेनॉइड गमावल्यावर मला हे कळले.

आमच्याकडे 1959 सालची ट्रायम्फ टीआर 3ए आहे आणि तिला लेकॉक कंपनीचा ए-टाइप ओव्हरड्राइव्ह आहे. एकदा फोंड्याहून मडगावला जाताना बोरीच्या पुलाच्या अलीकडे तो अचानक सुटला व इंजिन एकदम ओरडू लागले. गॅरेजवाल्याने सोलेनॉइड जळल्याचे सांगून नवा बसवला, तो महिनाभरही टिकला नाही. इंग्रजी वायरिंगला गोव्याचा पाऊस मानवत नाही, असे थोरल्या बंधूंचे ठाम मत असल्याने त्यांनी सगळी वायरिंगच नव्याने करून घेतली. त्या खर्चाविषयी न बोललेलेच बरे.

तिसरा सोलेनॉइड बसवल्यावर मात्र मी गाडी बाहेर काढू दिली नाही. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू केले, चौथा गिअर टाकला आणि ओव्हरड्राइव्हचा स्विच लावला. खटका नीट ऐकू आला, पण अॅमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा, काटा डिस्चार्जकडे (बॅटरीतून वीज जात असल्याच्या बाजूला) झुकला तो तिथेच थांबला. या सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात: दांडा आत ओढणारी कॉइल 15 ते 20 अँपिअर घेते, आणि दांडा पूर्ण आत गेला की आतला कॉन्टॅक्ट तिचा प्रवाह तोडून सगळे काम धरून ठेवणाऱ्या कॉइलवर सोपवतो, जिला एक-दोन अँपिअर पुरतात. आमचा दांडा थोडक्यासाठी पूर्ण आत जात नव्हता, म्हणून ओढणारी कॉइल सतत तापत होती. दोष या दांड्याने फिरणाऱ्या लिव्हरच्या जुळणीत होता. सोलेनॉइड चालू असताना सेटिंग लिव्हरमधले भोक केसिंगमधल्या भोकासमोर यावे लागते. 3/16 इंची ड्रिलचा दांडा दोन्हींतून सरळ गेला, की जुळणी बरोबर. आमच्याकडे तो जेमतेम अर्धा शिरत होता. क्लॅम्प सैल करून लिव्हर किंचित फिरवला आणि काटा क्षणभर झुकून मागे आला. बंधू अजूनही श्रेय नव्या वायरिंगलाच देतात.

आपला दोष पावसात वाढतो, त्यामुळे आधी अर्थिंग पाहावे. गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर असल्याने अर्थची पट्टी गंजली की खटकाच कमजोर होतो. त्यानंतर रिले (सोलेनॉइडला वीज जोडणारा विजेवरचा स्विच) आणि गिअरबॉक्सवरचा आयसोलेटर स्विच (ठरावीक गिअरमध्येच ओव्हरड्राइव्ह लागू देणारा) टेस्ट लॅम्पने तपासावा.

आणखी काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. काटा झुकलेलाच राहिला, तर स्विच ताबडतोब बंद करावा. इग्निशन फार वेळ चालू ठेवायचे असेल, तर इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवावी. ओव्हरड्राइव्ह सुटल्याची खात्री होईपर्यंत रिव्हर्स अजिबात टाकू नये; तसे केल्यास आतली मोडतोड सोलेनॉइडपेक्षा कितीतरी महाग पडते. आपण गाडीचे मॉडेल लिहिलेले नाही. नंतरच्या एलएच किंवा जे-टाइप ओव्हरड्राइव्हमध्ये सोलेनॉइडला एकच कॉइल असते, त्यामुळे काट्याची ही परीक्षा त्यांना लागू पडत नाही.