‘हरकत’ला कुणाची हरकत?

प्रश्न असा आलाय की वॉर्डातल्या एका मीटिंगच्या बोर्डावर ‘अनौपचारिक जनसुनावणी’ लिहिलं होतं ते बरोबर का, आणि ‘हरकती व सूचना’ मधली हरकत हिंदी वाटते तर तिथे आक्षेप लिहावं का.

पहिलं साफ चूक. सुनावणी म्हटली की नोटीस आली, नोंद आली, ऐकून घ्यायला नेमलेला माणूस आला. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणीला ३० दिवस आधी नोटीस लागते आणि लोकांनी मांडलेले मुद्दे शेवटी तिथेच वाचून दाखवावे लागतात. चहा पीत नकाशा बघितला ती सल्लामसलत. तिलाच सुनावणी म्हटलेलं सारखं कानावर पडतं आणि राग येतो, कारण लोक अशा बैठकीत तोंडी बोलून घरी जातात, आपलं म्हणणं नोंदलं गेलं असं धरून चालतात आणि लेखी हरकतीची मुदत निघून जाते.

आता हरकत. मूळ अरबी, अर्थ हालचाल. अरबी लिपीत अक्षराच्या वर-खाली स्वराची खूण करतात तिलाही हरकतच म्हणतात, तिच्यामुळे व्यंजन हलतं म्हणून, काय सुंदर कल्पना आहे! गाण्यातली हरकत तीच. चळवळीला उर्दूत तहरीक म्हणतात तीही याच धातूची, आणि आपली चळवळ तरी कशावरून, तर चळण्यावरूनच. हिंदीत हरकत म्हणजे चाळे. मग मराठीत अडथळा, आक्षेप हा अर्थ कुठून आला? कोशवाले ‘अरबी हरकत’ एवढं लिहून मोकळे होतात, ते मला अजिबात पटत नाही. माझं मत असं की यात ‘हर्ज’ मिसळलाय. तोही अरबीच, अर्थ अडचण. उर्दूवाले ‘कोई हर्ज नहीं’ म्हणतात, बरोब्बर तिथेच आपण ‘हरकत नाही’ म्हणतो, दोन शब्द कानाला इतके जवळचे की एकाचा अर्थ दुसऱ्यात उतरला असणार. हा अर्थ आपल्याकडे पक्का रुळलाय, म्हणजे शब्द मराठीच झाला ना!

आणि हरकत काढून आक्षेप घाला म्हणणाऱ्या शुद्धीवाल्यांनी आक्षेपाचा धातू बघावा, क्षिप् म्हणजे फेकणे. हालचाल सोडून फेकाफेक कशाला घ्यायची? २०१५ ला मुंबईच्या विकास आराखड्यावर हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये सरकारला तो नव्याने करायला सांगावं लागलं, कागद खरंच हलला.

बोर्डावर ‘सल्लामसलत बैठक’ लिहा, आणि खाली लेखी हरकत कुठे नि कधीपर्यंत द्यायची तेही.