नाताळला शेजारी जाताना

प्रश्न: यंदा आम्ही पुण्याहून मडगावला राहायला आलो. शेजारच्या ख्रिस्ती काकूंनी 24 डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये मिस्सेला (सामूहिक प्रार्थनेला) बोलावलंय, शिवाय गोडाचं ताटही पाठवणार आहेत. आम्ही अंडंसुद्धा खात नाही. चर्चमध्ये कसं वागायचं? आणि ताट परत करताना त्यात काय घालावं?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: जरूर जा. मध्यरात्रीची मिस्सा म्हणतात खरं, पण अनेक ठिकाणी ती बाराच्या आधीच सुरू होते. वेळ काकूंनाच विचारा. गोव्यात ती बरेचदा चर्चपुढच्या मैदानात असते आणि डिसेंबरात दव पडतं, म्हणून डोक्यावर घ्यायला काहीतरी न्या. चपला काढायच्या नसतात. सगळे उभे राहिले की उभं राहायचं. गुडघे टेकायचं बंधन तुम्हाला नाही. मध्येच सगळे एकमेकांना हात जोडतात, तेव्हा तुम्हीही जोडा, ती शांतीची शुभेच्छा असते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. पाद्री पांढरी पातळ चकती देऊ लागले की रांगेत उभं राहू नका, जागेवरच बसा. तो प्रसाद नव्हे. ते कम्युनियन, फक्त बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी. शेवटी बाळ येशूच्या मूर्तीच्या दर्शनाला रांग लागते, तिथे खुशाल जा.

ताटाला गोव्यात कोन्सुआद म्हणतात. बेबिंक (थरांचं गोड), बोलिन्य (नारळाची बिस्किटं) आणि केक यांत अंडं असतं. दोदोल (नारळाचं दूध, तांदळाचं पीठ, काळा गूळ), चणाडाळ-खोबऱ्याचे दोस (वड्या) आणि पेरूची पेराद यांत सहसा नसतं. नेवऱ्या (करंज्या) नि किडयो (गुंडाळीसारखे तळलेले गोड तुकडे) यांचं विचारून घ्या. विचारण्यात अवघडण्यासारखं काही नाही, काकू वेगळं ताट लावतील. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं, तिथे बहुधा गोड करत नाहीत. अशा घरी आपणच पाठवावं.

परतीच्या ताटात बेसनाचे लाडू चालतील, पण बिनअंड्याच्या किडयो करून पाहाच. अर्धा किलो मैदा, 50 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, 3 मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन. नारळाचं दाट दूध साधारण 200 मिली लागतं, पण ते थोडं थोडं घाला. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट हवं. सैल झालं तर किडयो तेल पितात. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. सुपारीएवढी गोळी नव्या, धुतलेल्या फणीच्या दातांवर अंगठ्याने पातळ दाबायची आणि कडेपासून गुंडाळत सोडवायची; दातांच्या रेघा बाहेरच्या बाजूला उमटतात. शेवटची कड नीट दाबली नाही तर तेलात उलगडते. जाड राहिली तर आत कच्ची. पिठात साखर असल्याने मोठ्या आचेवर वरून पटकन लाल होते, म्हणून मंद आचेवर, थोड्या थोड्या तळा. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढा. पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मऊ पडतात.

मुलांना गोठे (येशूच्या जन्माचे देखावे) दाखवायला 24च्या आधी नेलंत तर गव्हाण रिकामी दिसेल. बाळ त्या रात्रीच ठेवतात. तुम्हालाही दारात नखेत्र, म्हणजे कागदी तारा, लावायचा असेल तर लावा. तीन राजांच्या सणापर्यंत, 6 जानेवारीपर्यंत, तो ठेवतात.