म्युझिकल थिएटरचा प्रवेश आणि घरचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरांतून या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत: मुलाला किंवा मुलीला कॉलेजात म्युझिकल थिएटर शिकायचंय, प्रवेशाची पद्धत इंजिनिअरिंगपेक्षा अगदी वेगळी आहे आणि खर्चाचा अंदाज लागत नाही. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

मुलगी अकरावीत आहे. वीस कॉलेजांना अर्ज करा, असं सगळे सांगतात. इतके खरंच लागतात का? आणि बीएफए, बीए, बीएम या पदव्यांतलं काय निवडावं?
*– एक आई, एडिसन, न्यू जर्सी*

एका वर्गात साधारण 12 ते 24 जागा असतात आणि नावाजलेल्या ठिकाणी त्यांसाठी हजारावर अर्ज येतात. त्यातही निवड सरळ गुणानुक्रमाने होत नाही. वर्गात कोणत्या आवाजाची, कोणत्या प्रकारच्या भूमिकांना शोभतील अशी किती मुलं हवीत, हे त्या वर्षीच्या गरजेवर ठरतं. म्हणून एखादी चांगली तयार मुलगी दहा ठिकाणी नाकारली जाते आणि अकराव्या ठिकाणी तिला मोठी स्कॉलरशिप मिळते. अर्ज जास्त करायचे ते यासाठी. पण वीस म्हणजे बहुतेक घरांना न झेपणारा भार. ऑडिशनवाली 10 ते 12 कॉलेजं नीट तयारीने केली, तर पुरतात.

यादीची सुरुवात मात्र ऑडिशन नसलेल्या दोन कॉलेजांपासून करा. ‘खात्रीचं कॉलेज’ कशाला म्हणायचं, याच्या तीन अटी आहेत: प्रवेशाला ऑडिशन नसावी, तुमच्या मुलीच्या गुणांवर प्रवेश जवळपास नक्की असावा आणि स्कॉलरशिप न मिळताही तिथला खर्च तुम्हाला झेपावा. तिसऱ्या अटीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. नॉर्थवेस्टर्नमध्ये थिएटरच्या प्रवेशाला ऑडिशन नाही, म्हणून काही पालक ते या रकान्यात लिहितात. तिथला सर्वसाधारण प्रवेशच इतका अवघड आहे की ते कुणासाठीही खात्रीचं नाही.

पदवीचं थोडक्यात. बीएफए म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स. तिच्यात साधारण दोन तृतीयांश अभ्यास गाणं, नाच आणि अभिनयाचा असतो. दुसरा मुख्य विषय घ्यायला वेळ उरत नाही. बीएम ही संगीताची पदवी. बाल्डविन वॉलेस, ओक्लाहोमा सिटी युनिव्हर्सिटी आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं स्टाइनहार्ट इथे ती आहे. तिच्यात संगीतशास्त्र आणि स्वरज्ञानाचे तास पक्के असतात, त्यामुळे लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकलेल्या मुलांनी तिचा जरूर विचार करावा. बीएमध्ये दुहेरी विषय जमतो. पदवीच्या नावापेक्षा हे विचारा: पहिल्या वर्षी नाटकात काम करता येतं का? आठवड्याला एकट्याचा गाण्याचा तास किती मिनिटांचा असतो आणि त्याची फी वेगळी आहे का? दुसऱ्या वर्षाअखेर मुलांना गाळतात का?

मुलगा आठ वर्षं हिंदुस्तानी शास्त्रीय संगीत शिकतोय. प्रीस्क्रीनच्या व्हिडिओत नाट्यगीत किंवा बंदिश चालेल का? व्हिडिओ घरी फोनवर केला तर?
*– एक वडील, ट्रॉय, मिशिगन*

प्रीस्क्रीन म्हणजे ऑडिशनला बोलावण्याआधीची व्हिडिओवरची चाळणी. तिच्या सक्तीच्या दोन गाण्यांत हे नाही चालणार. ती म्युझिकल थिएटरमधलीच, एकमेकांहून वेगळ्या प्रकृतीची हवीत, प्रत्येकी साधारण 60 ते 90 सेकंद. सोबत तेवढंच एक स्वगत आणि नाचाचा छोटा व्हिडिओ. बरीच कॉलेजं आता ‘कॉमन प्रीस्क्रीन’ची एकच पद्धत वापरतात, तरी प्रत्येकाचे पर्याय थोडे निराळे असतात, तेव्हा प्रत्येक कॉलेजचं पान वाचून तक्ता करा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘वाइल्ड कार्ड’मध्ये आहे. हा ऐच्छिक, साधारण मिनिटभराचा भाग. नाट्यगीत, तबला, कथक, लावणी, जे मुलाला मनापासून येतं ते तिथे दाखवा. परीक्षक दिवसाला शेकडो सारखे व्हिडिओ पाहतात. पाठांतर केलेल्या विनोदी तुकड्यापेक्षा आठ वर्षांची तालीम त्यांना लगेच कळते.

शास्त्रीय तालमीचा फायदा मोठा आहे: सूर पक्का, दम चांगला. अडतं ते दुसरीकडे. आपल्याकडे गायक स्वतःचा सा निवडतो. इथे स्वरलिपी ठरलेल्या पट्टीत छापलेली असते. पट्टी बदलायची असेल तर त्या पट्टीतली स्वरलिपी विकत घ्या. ऑडिशनला पियानोवादकाला ऐन वेळी ‘दोन सूर खाली वाजवा’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. दुसरं, दोन स्वरांमधली मींड आणि हरकत आपोआप येते, ती आवरावी लागते, कारण या गाण्यात शब्द आणि त्यांची व्यंजनं ठळक ऐकू यावी लागतात. तिसरं, नजर. डोळे मिटून, तानपुऱ्यात हरवून गाणं बैठकीत शोभतं. इथे पात्र कुणाशी तरी बोलत असतं. यासाठी म्युझिकल थिएटर शिकवणाऱ्या शिक्षकाकडे निदान सहा महिने द्या आणि घरचे गुरुजीही सोडू नका.

फोन चालतो, पण आडवा आणि स्टँडवर. उजेड समोरून हवा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो. सगळ्यात जास्त व्हिडिओ बिघडतात ते आवाजाच्या समतोलामुळे. साथीच्या संगीताचा ट्रॅक वाजवणारा स्पीकर फोनच्या शेजारी ठेवला की पियानो गाणं गिळून टाकतो. स्पीकर गाणाऱ्याच्या जवळ, फोनपासून दूर ठेवा आणि आधी दहा सेकंद ध्वनिमुद्रण करून ऐका. वरच्या सुरात फोन आपोआप आवाज दाबतो, मग सगळा जोर सपाट वाटतो. साधा बाहेरचा माइक लावला तर हे बरंच टळतं. गाणं एका दमात, मध्ये न कापता. ट्रॅकशिवाय नुसतं गाणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. मुदती ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होतात; शेवटच्या रात्री संकेतस्थळं रखडतात, म्हणून तीन दिवस आधी अपलोड करा.

प्रीस्क्रीन पार पडली की हिवाळ्यात प्रत्यक्ष ऑडिशन. शिकागो, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला जानेवारी-फेब्रुवारीत बरीच कॉलेजं एकाच वेळी जमतात, त्याला ‘युनिफाइड्स’ म्हणतात. एका प्रवासात पाच-सहा ऑडिशन होतात, त्यामुळे पैसे वाचतात. फक्त एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठेवू नका. तिसऱ्या वेळी आवाज बसलेला असतो.

दोघंही नोकरी करतो, ग्रीन कार्ड आहे. पुण्यात एक फ्लॅट भाड्याने दिलाय, थोड्या मुदत ठेवी आहेत. त्या अमेरिकेतल्या फॉर्मवर दाखवायच्या का? आमचं उत्पन्न बघता फॉर्म भरण्यात अर्थ आहे का?
*– एक वडील, डॅलस परिसर*

दाखवायच्या. फॅफ्सामध्ये, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जात, तुम्ही राहता ते घर आणि निवृत्तीची खाती धरत नाहीत, पण दुसरी कोणतीही मालमत्ता, मग ती पुण्यात असो वा प्लानोत, गुंतवणूक म्हणून येते. भरायची ती कर्ज वजा जाता उरलेली आजची किंमत. भारतातल्या ठेवीही येतात. खोटं भरलं आणि पडताळणीत सापडलं, तर मदत परत करावी लागते, दंडही होऊ शकतो.

घाबरण्याइतका परिणाम मात्र होत नाही. पालकांच्या मालमत्तेचा वर्षाला जास्तीत जास्त 5.64 टक्के भाग कुटुंबाची ऐपत म्हणून धरतात. मुलाच्या स्वतःच्या नावावरच्या पैशांचा 20 टक्के. म्हणून वाढदिवसाचे आणि मुंजीचे पैसे मुलाच्या नावावर साठवत जाणं मदतीच्या दृष्टीने महागात पडतं. पालकांनी शिक्षणासाठी काढलेलं 529 हे बचत खातं पालकांच्या मालमत्तेत मोडतं.

खरा वजनदार आकडा उत्पन्नाचा, आणि तो जुन्या वर्षाचा असतो. मूल 2027च्या शरद ऋतूत कॉलेजात जाणार असेल, तर पहिल्या वर्षाच्या मदतीसाठी 2025चं कर विवरणपत्र बघतात. पुढे तीन वर्षं 2026, 2027 आणि 2028चं. म्हणजे पहिलं मोजलं जाणारं वर्ष मुलाच्या दहावीच्या जानेवारीत सुरू होतं. या चार वर्षांत पुण्याचा फ्लॅट विकला तर त्यावरचा नफा उत्पन्नात मिळून त्या-त्या वर्षाची मदत कमी होते. विकायचाच असेल, तर आधी किंवा नंतर विका.

फॅफ्सा दर वर्षी साधारण 1 ऑक्टोबरला उघडतो, फुकट असतो. विद्यार्थ्याला एफएसए आयडी (अर्जात शिरण्याचं खातं) लागतो, माहिती द्यावी लागणाऱ्या पालकाला वेगळा. कर खात्याकडून आकडे थेट घ्यायला सगळ्यांनी संमती द्यायची. एकाची राहिली तर सरकारी मदतीचा हिशेबच होत नाही. अनेक खासगी कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्ज मागतात. पहिल्या कॉलेजला 25 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 16. उत्पन्न 1 लाख डॉलरपर्यंत असेल तर माफ. तो जास्त खोलात जातो, काही कॉलेजं राहत्या घराची किंमतही बघतात. पण त्यात खास परिस्थिती सांगायला जागा आहे. भारतात आई-वडिलांच्या औषधपाण्यासाठी नियमित पैसे पाठवत असाल, तर रक्कम आणि बँकेच्या पावत्यांसह तिथे लिहा. फॅफ्सात हे विचारतच नाहीत.

उत्पन्न जास्त असलं तरी फॉर्म भरा. मुलाच्या नावाचं सरकारी कर्ज त्याशिवाय मिळत नाही आणि काही कॉलेजं गुणवत्तेची स्कॉलरशिप देतानाही तो मागतात. ऑगस्टमध्ये यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता खर्चाचा अंदाज देणारं साधन) उघडा आणि वर्षाला आपण किती देऊ शकतो तो आकडा मुलासमोर स्पष्ट सांगा. एप्रिलमध्ये आवडत्या कॉलेजचं पत्र हातात असताना ‘परवडत नाही’ हे पहिल्यांदा ऐकणं सतरा वर्षांच्या मुलासाठी फार कठोर असतं, आणि ते पूर्ण टाळता येतं. याच कारणाने ‘अर्ली डिसिजन’च्या बंधनकारक अर्जापासून लांब राहा. त्यात दोन पत्रांची तुलना करण्याची संधीच जाते.

आम्ही एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावर. तिचा जन्म नाशिकचा. तिला काय मिळू शकतं?
*– एक आई, सिएटल*

सरकारी मदत आणि सरकारी कर्ज नाही. (अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना मात्र पालकांचा व्हिसा काहीही असला तरी मिळतं.) खासगी कॉलेजांच्या टॅलेंट आणि गुणांवरच्या स्कॉलरशिपना नागरिकत्वाची अट बहुधा नसते, त्यावर भर द्या. राज्याच्या विद्यापीठात रहिवाशाची फी लागू होईल का, हे प्रवेश विभागाला न विचारता रहिवासी दर्जा ठरवणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा. अनेक राज्यांत एच-4ला ती मिळते.

तीन गोष्टी आत्ताच कॅलेंडरवर लिहा. एकवीस वर्षं पूर्ण होताच एच-4 संपतो, बहुधा पदवीच्या मध्येच, तेव्हा एफ-1चा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, अर्ज बराच आधी करावा लागतो. एच-4वर तिला पगारी काम चालत नाही, त्यात उन्हाळी नाट्यसंस्थांमधलं पैसे देणारं कामही आलं. एफ-1वर पदवीनंतर ओपीटी, म्हणजे काम करण्याची परवानगी, 12 महिने. तंत्रशिक्षणवाल्यांना मिळणारे आणखी 24 महिने म्युझिकल थिएटरला नाहीत. भारतातून थेट येणाऱ्या मुलांनाही हेच लागू. ही बाब घरात बसून, वकिलाचा सल्ला घेऊन बोला. त्या बारा महिन्यांत कलावंतांसाठीच्या व्हिसाइतकं काम उभं राहणं कठीण असतं.

दोन पत्रं आलीत. खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च 82,000 डॉलर. टॅलेंट स्कॉलरशिप 25,000, गुणांची 9,000, कर्ज 5,500, वर्क-स्टडी 2,500. पत्रात लिहिलंय ‘एकूण मदत 42,000’. आमच्या राज्याच्या विद्यापीठाचा खर्च 34,000, स्कॉलरशिप 4,000. तुलना कशी करावी?
*– एक जोडपं, कोलंबस, ओहायो*

कर्ज आणि वर्क-स्टडी आधी खोडा. कर्ज फेडायचं आहे. वर्क-स्टडी काम केल्यावर मिळते, आणि संध्याकाळी तालमी असलेल्या मुलाला ते काम जमेलच असं नाही. उरते खरी मदत 34,000, म्हणजे तुमचा भार 48,000. दुसरीकडे 30,000.

आता चार वर्षं धरा. स्कॉलरशिप बहुधा स्थिर राहते, फी वाढते. खर्च दर वर्षी 4 टक्क्यांनी वाढला तर खासगी कॉलेजचे चार वर्षांचे सुमारे 2,12,000 डॉलर भरावे लागतील, विद्यापीठाचे 1,28,000. फरक 84,000. मुलाला सरकारी कर्ज चार वर्षांत मिळून 27,000च मिळतं. पालकांच्या नावाच्या प्लस कर्जाला नव्या कर्जदारांसाठी 1 जुलै 2026पासून वर्षाला 20,000 आणि एका मुलामागे एकूण 65,000 अशी मर्यादा आहे. दोन्ही पूर्ण काढलं तरी खासगी कॉलेजसाठी 1,20,000 खिशातून द्यावे लागतील. ते जमत नसतील तर उरतं खासगी कर्ज, ज्यावर तुमची सही असते. आमचं स्पष्ट मत: या पदवीसाठी ते काढू नका. पहिली काही वर्षं उत्पन्न अनियमित असतं आणि हप्ता महिन्याला येतोच.

विद्यापीठ नक्की करण्याआधी खासगी कॉलेजकडे फेरविचार मागा. तिथे दारं दोन आहेत: टॅलेंटचे पैसे बहुधा नाट्यविभागाच्या हाती, गरजेवरचे आर्थिक मदत कार्यालयाच्या. दोघांना वेगळं, एका पानाचं पत्र लिहा. मुलाला हेच कॉलेज हवंय, दुसऱ्या पत्राची प्रत जोडली आहे, वर्षाला अमुक रक्कम मिळाली तर लगेच होकार देऊ: इतकंच. नोकरी गेली असेल किंवा मोठा दवाखान्याचा खर्च झाला असेल, तर कागदपत्रांसह ते आर्थिक मदत कार्यालयाला. घासाघीस करू नका, पण विचारायला संकोचूही नका. विनंती केली म्हणून प्रवेश काढून घेत नाहीत. बहुतेक ठिकाणी उत्तराची मुदत 1 मे असते, त्यामुळे पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जायला हवं.

होकारापूर्वी हेही लेखी घ्या: स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, विषय बदलला तर कोणती जाते (टॅलेंटची जवळपास नक्कीच), आणि बाहेरची एखादी स्कॉलरशिप मिळाली तर कॉलेज स्वतःची तेवढी कमी करतं का.

आम्ही आजी-आजोबा, कोथरूडला राहतो. नातीच्या फीसाठी काही रक्कम पाठवायची आहे. तिच्या खात्यात टाकली तर चालेल ना?

तिच्या खात्यात नको. वर सांगितल्याप्रमाणे विद्यार्थ्याच्या नावावरच्या पैशांचा 20 टक्के भाग दर वर्षी धरतात. तुमच्या मुलाला किंवा मुलीला पाठवा, नाहीतर शेवटच्या वर्षीच्या फीसाठी ठेवा, तेव्हा पुढचा फॉर्म भरायचा नसतो. भारतातल्या एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. तिकडे भारतातून मिळालेली भेट वर्षात 1 लाख डॉलरच्या वर गेली, तर घेणाऱ्याने अमेरिकेच्या कर खात्याचा फॉर्म 3520 भरायचा असतो. त्यावर कर लागत नाही, पण फॉर्म राहिला तर दंड मोठा आहे. दोघांनी मिळून पाठवलेली रक्कम त्यात एकत्र धरतात.