प्राण्यांच्या फ्लूवर संशोधन करणारा पशुवैद्यक नेमकं काय करतो? कोल्हापूरच्या मुलानं यात पडावं का?

पडावं. पण प्रश्नाखाली तुम्ही जे जोडलंय, "नाहीतर गावाकडं दवाखाना टाकून म्हशीच तपासत बसावं लागेल", ते मला झोंबलं. माझं निम्मं खानदान म्हशींवर जगलंय आणि मी स्वतः फ्लूचे विषाणू बघते, त्यामुळं जरा लांबण लागणार.

२०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेत टेक्सासमधल्या गोठ्यांत गायी वैरणीला तोंड लावेनात. दूध घटलं, आणि जे निघत होतं ते चिकासारखं पिवळं, घट्ट. नेहमीच्या कासदाहात ते बसेना. त्यात गोठ्यावरची, कच्चं दूध पिणारी मांजरं मरायला लागली. तिथं फिरणाऱ्या पशुवैद्यांनी दूध आणि मेलेली मांजरं आयोवातल्या विद्यापीठाच्या निदान प्रयोगशाळेला पाठवली. मार्चमध्ये निकाल आला, एच५एन१. बर्ड फ्लू, तोही गायीच्या कासेत! तोवर गायीचा फ्लू म्हटलं की आम्ही इन्फ्लुएन्झा डी म्हणायचो, जो २०११ मध्ये आधी एका डुकरात सापडला होता. एच५एन१ ज्यात मोडतो त्या इन्फ्लुएन्झा ए प्रकारासाठी गाईकडं कुणी फारसं बघतच नव्हतं. पुढं कासेच्या पेशी तपासल्या, तर पक्ष्यांचा विषाणू ज्यांना चिकटतो ते रिसेप्टर तिथं भरपूर निघाले. हे सगळं उघडकीला आलं ते "जनावरं तपासत बसणाऱ्यां"मुळं. प्रयोगशाळेनं नंतर शिक्का मारला.

त्या वर्षी दिवाळीला घरी आले, तर मामा म्हणाला चल, गंगावेशीत दूध प्यायला. मामा जुना पैलवान. कोल्हापुरातल्या त्या दूधकट्ट्यावर पंढरपुरी म्हशी उभ्या होत्या, शिंगं पार खांद्यामागं गेलेली. भोवती गाड्या वाजू देत नाहीतर गर्दी होऊ दे, ही म्हैस पान्हा चोरत नाही, म्हणून तर हा धंदा रस्त्यावर चालतो. गवळ्यानं बादलीत हात बुचकळला, कास नुसती ओली केली, हात म्हशीच्याच पाठीला पुसला आणि ग्लासात धार धरली. वर दोन बोटं फेस. मी म्हटलं, मला नको, घरी तापवून घेते.

झालं! मामानं अख्ख्या कट्ट्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्या आमच्या डॉक्टरीणबाई. कोंबड्यांच्या सर्दीवर पीएचडी केली आणि आता दुधाला भ्यायला लागल्यात." सगळे हसले. मी टेक्सासची मांजरं सांगितली. मामा म्हणाला, "अगं ती अमेरिकेची मांजरं. आपल्या आबांनी मरेपर्यंत हेच पिलं."

आबा जगले हा पुरावा होत नाही. ज्यांना बाधलं ते कट्ट्यावर सांगायला येत नाहीत. दूध तापवलं की त्यातली ताकद जाते, असं तालमीत मानतात. पण तापवल्यानं दुधातली प्रथिनं कुठं पळून जात नाहीत, थोडी जीवनसत्त्वं कमी होतात, ती कांदा-लिंबाच्या ताटात भरून निघतात. ७२ अंशाला १५ सेकंद तापवलं तरी हा विषाणू निकामी होतो, आणि आपण तर उतू जाईपर्यंत तापवतो. तालमीतलं शास्त्र तालमीत ठीक आहे. आणि ज्याला मामा कोंबड्यांची सर्दी म्हणतो, त्यानं १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ माणसं आजारी पाडली, त्यातली ६ गेली. २००६ मध्ये तो नंदुरबारच्या नवापुरात आला तेव्हा देशातला पहिला प्रादुर्भाव आपल्या राज्यात नोंदला गेला. तेव्हा लोकांनी कोंबडी खायची सोडली होती, हे मामालाही आठवतंय. तांबडा-पांढरा मात्र त्यानं सोडला नव्हता, आणि शिजवलेल्या रश्शानं काही होत नाही, एवढं त्याचं बरोबर होतं.

असो. काम काय असतं, तर बरचसं अंड्यांचं. कोंबडीच्या घशातला नि गुदद्वाराचा स्वॅब घ्यायचा, नऊ ते अकरा दिवसांच्या फलित अंड्यात टोचायचा. रोज अंधाऱ्या खोलीत अंडं दिव्यावर धरायचं, शिरा लालबुंद दिसतात की गर्भ मेलाय ते बघायचं. मग आतलं पाणी काढून कोंबडीच्या लाल पेशींवर चाचणी. तळाशी ठळक लाल ठिपका बसला तर विषाणू नाही, पेशी पसरून राहिल्या तर काहीतरी हाती लागलंय. पुढं जनुकक्रम, आणि विषाणूच्या पीबी२ प्रथिनात ६२७ व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल आलंय का, म्हणजे पक्ष्यांचा विषाणू सस्तन प्राण्यांत रुळायला लागलाय का, ते बघणं. जिवंत एच५एन१ तुमच्या हातात कुणी लगेच देणार नाही. आपल्याकडं निदानाचा अंतिम शब्द भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेचा. सुरुवात बहुधा एच९एन२ या बर्ड फ्लूच्याच सौम्य प्रकारावर होते, तो आपल्या पोल्ट्रीत ठाण मांडून बसलाय.

त्यासाठी एमव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, सूक्ष्मजीवशास्त्रात करा, आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) जेआरएफ शिष्यवृत्तीची तयारी आत्तापासून धरा. पगाराचं आणि परदेशाचं दुसरं कुणी सांगेल. पण त्याआधी वर्षभर तरी गोठे फिरा. ज्याला आजारी म्हैस लांबून ओळखता येत नाही, त्यानं जनुकक्रम काढून काय दिवे लावायचे!

एक राहिलं. कोल्हापूरच्या म्हशींत एच५एन१ आहे असं मी म्हणत नाहीये. मामाशी फ्लूवरून भांडले कारण बातमी ताजी होती. कट्ट्यावरच्या कच्च्या दुधात मला खरी भीती ब्रुसेलाची, म्हणजे जनावरं गाभडवणाऱ्या आणि माणसालाही होणाऱ्या जिवाणूची, आणि क्षयाची. ब्रुसेला तर तुम्हाला दूध न पिताही गाठेल. गाभडलेल्या म्हशीचा अडकलेला जार उघड्या हातानं काढणारे सीनियर तुम्हाला भेटतील, वर "हातमोज्यात अंदाज येत नाही" असंही सांगतील. त्यांचं ऐकू नका. खांद्यापर्यंतचे मोजे स्वतःच्या पैशानं घेऊन ठेवा.