ऑनलाइन शिकताना शिक्षकाशी ओळख असायची खरंच गरज असते का?

मी इथे सहसा फक्त वाचते, पण तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यासाठी लॉगिन केलं. "मला शिकायचंय, ओळखी वाढवायच्या नाहीत." नोकरी सांभाळून स्टॅटिस्टिक्स शिकताय, रेकॉर्डेड कोर्स स्वस्त पडतोय, लहान लाइव्ह बॅच महाग आहे, तर शिक्षकाशी नातं आणि बॅचमधली ओळखपाळख यांचा शिकण्याशी काही संबंध असतो का, की हे सगळं फी वाढवायचं निमित्त, असं तुम्ही विचारलंय. जवळपास हेच मला एका जुन्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये ऐकवलं होतं, फक्त ते विद्यार्थ्यांच्या वतीने बोलत होते. "मुलं व्हिडिओसाठी पैसे भरतात, तुमच्याशी गप्पा मारायला नाही."

तर संबंध असतो, भरपूर असतो. पण नातं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि "काय मग, कसे आहात सगळे?" येतं, आणि घोळ तिथेच सुरू होतो. माझ्या मते शिकण्यातलं नातं एवढंच, की तुम्ही नेमके कुठे चुकता हे दुसऱ्या कुणालातरी माहीत असतं आणि पुढच्या वेळेपर्यंत त्याच्या लक्षात राहतं. बाकी गोडवा असला तर असला.

मी एका ऑनलाइन कोर्सवाल्या कंपनीत डाउट्स बघायचे. व्हिडिओत दिसणारे सर वेगळे, आणि मुलं असाइनमेंट पाठवतात, प्रश्न टाकतात, ते तपासणारे आम्ही वेगळे. आमचा फोटोसुद्धा कुठे नव्हता. सर उत्तम शिकवायचे, त्यात वादच नाही, मी स्वतः त्यांचे व्हिडिओ बघून दोन गोष्टी शिकले. तर तिथे एक विद्यार्थिनी होती, नोकरी करणारी, वयाने माझ्याएवढीच असेल, आणि ती कंडिशनल प्रोबॅबिलिटीवर, म्हणजे एक गोष्ट झालीये हे माहीत असताना दुसरीची शक्यता किती या धड्यावर, अडकली होती. तिच्या खात्यावर दिसत होतं की तो धडा १०० टक्के पाहून झालाय, तोही पुन्हा पुन्हा. उत्तरं मात्र सगळी चूक. सिस्टिम काय करायची, तर उत्तरापुढे लाल फुली आणि खाली "हा व्हिडिओ पुन्हा पाहा." ती बिचारी पुन्हा बघायची. मग एक दिवस तिने चिडून लिहिलं की मला बहुतेक गणिताचं डोकंच नाहीये, पैसे परत मिळतील का.

पैसे परत देणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी तिच्या जुन्या असाइनमेंट उघडून बसले. एकेक करून बघितल्या तर प्रत्येक चूक वेगळी वाटत होती. एक गणित कारखान्यातल्या खराब मालाचं, एक स्पॅम मेलचं, एक आजाराच्या टेस्टचं. सगळी शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दिसलं की चूक एकच आहे. टेस्टचं गणित असं होतं: १००० माणसं, त्यातली १० आजारी. टेस्ट त्या १० पैकी ९ जणांना बरोबर पकडते, पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. एखाद्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तो खरंच आजारी असायची शक्यता किती? तिने लिहिलं ९० टक्के. बरोबर उत्तर १०८ पैकी ९, म्हणजे साधारण ८ टक्के. ही चूक भलेभले करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिच्या बाबतीत कारण फार सरळ होतं, प्रश्नात जो गट आधी आला तो ती डोळे झाकून छेदात टाकायची. खराब मालातही तेच, स्पॅममध्येही तेच.

मी तिला लिहिलं, आकड्यांना हात लावू नका, आधी फक्त एक ओळ लिहून पाठवा, छेदात कोण? बस. व्हिडिओ बघू नका, फॉर्म्युला लिहू नका. दोन-चार गणितं तशी झाली आणि गाडी रुळावर आली. नंतर तर तीच असाइनमेंटच्या वर लिहून पाठवायची, "मॅडम, छेद बघितलाय, तरी चुकलंय, आता काय?" मध्ये एकदा बरेच दिवस तिच्याकडून काहीच आलं नाही तेव्हा मी विचारलं, कुठे गायब. म्हणाली ऑफिसात ऑडिट चाललंय, आणि त्याच आठवड्यात राहिलेलं सगळं पाठवून मोकळी झाली. आम्ही एकमेकींचा आवाजसुद्धा कधी ऐकला नाही. तिला किती मुलं, कुठे राहते, मला काहीही माहीत नाही. तुम्ही ज्याला ओळखी वाढवणं म्हणताय ते यात कणभरही नव्हतं.

आता साहेब. त्यांनी मीटिंगमध्ये तक्ता लावला, डाउट्स टीममधला कोण एका विद्यार्थ्यावर किती वेळ घालवतो त्याचा, आणि त्यात माझी पट्टी सगळ्यात लांब. म्हणाले हे स्केल होत नाही. बरं, हेच साहेब बाहेर पैसे उभे करायला जाताना जी स्लाइड न्यायचे तिच्यावर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूमचा १९८४ चा निष्कर्ष मोठ्या अक्षरात असायचा. ब्लूमने दाखवलं होतं की एकाला एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी साध्या वर्गातल्या साधारण ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, दोन स्टँडर्ड डीव्हिएशनने (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, यालाच सिग्मा म्हणतात). तुम्ही स्टॅटिस्टिक्स शिकताय म्हणजे दोन सिग्मा केवढी मोठी उडी असते ते कळेलच. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा परिणाम दिसला नाही, पण शिकवणीचा फायदा होतो हे त्यातही दिसलंच. तर स्लाइडवर ब्लूम, आणि ऑफिसात आमची टीम बंद. आमच्या जागी आधीच लिहून ठेवलेली उत्तरं आली, प्रश्नातला शब्द जुळला की उत्तर हजर. ब्लूमच्या प्रयोगातली मुलं काही नुसतं छान बोलणारं कुणीतरी मिळालं म्हणून पुढे गेली नव्हती. त्यांच्या चाचण्या होत होत्या, चुका शोधल्या जात होत्या, सुधारून घेतल्या जात होत्या, आणि हे सगळं माणूस करत होता. ते सगळं काढून टाकायचं आणि स्लाइड तेवढी ठेवायची, याला काय म्हणावं.

आणि साहेबांचं दुसरं लाडकं वाक्य, ऑनलाइन हे नवीन माध्यम आहे, इथे वर्गातले नियम चालत नाहीत. लांबून शिकवणं कुठलं नवीन? शॉर्टहँडची स्वतःची पद्धत काढणाऱ्या आयझॅक पिटमन या इंग्रजाने १८४० च्या सुमाराला ती टपालाने शिकवली होती. पण त्याचे विद्यार्थी सराव करून परत पाठवायचे आणि तो तपासला जायचा. म्हणजे अंतर तेव्हाही होतं, पण उलट टपाल येत होतं. मायकल मूर नावाच्या अभ्यासकाची या अंतरावरची मांडणी प्रसिद्ध आहे, की शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात किती किलोमीटर आहेत याला फारसं महत्त्व नाही, संवाद किती आहे, कोर्स किती आखीव-बांधीव आहे आणि शिकणारा स्वतःचं स्वतः किती सांभाळतो, यावर खरं अंतर ठरतं. पहिल्या बाकावर बसूनही माणूस लांब असू शकतो. शंभर जणांच्या वर्गात सरांना तुमचं नाव माहीत नसेल, वही कधी तपासली जात नसेल, तर तो रेकॉर्डेड व्हिडिओच आहे, फक्त मागे नेता येत नाही एवढाच फरक. म्हणून प्रत्यक्ष वर्ग म्हणजे आपोआप नातं, हेही मला मान्य नाही.

व्हिडिओतल्या सरांबद्दलही बोलायचंय. मुलं लिहायची, "सर तर आता घरचेच वाटतात." वाटणारच. १९५६ मध्ये हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी टीव्ही-रेडिओवरच्या लोकांबद्दल हेच लिहून ठेवलंय, की समोरचा थेट आपल्याशीच बोलतोय असं वाटतं, आपली त्याच्याशी ओळख होते, पण त्याची आपल्याशी होत नाही. याने प्रेरणा मिळते, बसायची सवय लागते, ठीक आहे. पण सरांना तुमचा छेद चुकतोय हे कधीच कळणार नाही.

कुणी खाली लिहील की आता चॅटबॉट आहेत, तो सांगेल छेद चुकला म्हणून. सांगेल की, आणि पटकन सांगेल, मी स्वतः वापरते. पण तुम्ही जाऊन विचारलंत तर सांगेल. दोन आठवडे फिरकलाच नाहीत तर नोटिफिकेशन येईल, आणि नोटिफिकेशन बाजूला सारायची सवय आपल्या सगळ्यांनाच झालीये.

आता आकडे. २०११ मध्ये सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग या एआयच्या दोन जाणकारांनी आपला एआयचा कोर्स इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला, साधारण १,६०,००० लोकांनी नावं नोंदवली आणि पूर्ण केला साधारण २३,००० जणांनी. तो तर चांगला निकाल म्हणायचा. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या कोर्सेसचा जो हिशोब २०१९ मध्ये छापून आला त्यात २०१७-१८ सालात कोर्स पूर्ण करणारे फक्त ३.१३ टक्के होते. शिक्षक जगातले उत्तम, साहित्य उत्तम, फी नाही किंवा नावाला. मात्र हे आकडे कुणाच्या तोंडावर फेकण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या, तिथे नाव नोंदवणाऱ्या बऱ्याच जणांना कोर्स पूर्ण करायचाच नसतो, एखादा धडा बघायचा असतो. आणि पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेने गेलेल्यांत पूर्ण करणारे बरेच जास्त असतात. म्हणजे सगळा दोष नातं नसल्याचा, असं म्हणता येत नाही. साहेबांसमोर मी हे मान्य केलं नसतं, तुमच्यासमोर करते.

आणखी एक, नात्याला उलटी बाजूही असते. शिक्षकाने एकदा तुमच्यावर "कच्चा" असा शिक्का मारला की तो तुमच्या वाट्याचा प्रश्नच विचारत नाही, आणि ऑनलाइनला ज्यांचा माइक मोठा त्यांचीच नावं सरांना पाठ. असल्या ओळखीपेक्षा अनोळखी व्हिडिओ परवडला. काही लोक खरंच एकट्याने शिकतात, मी बघितलेत, बहुतेकदा त्यांना त्या विषयाच्या शेजारचं काहीतरी आधीच येत असतं, त्यामुळे आपली चूक आपल्यालाच दिसते. नवख्याला ती दिसत नाही. दिसली असती तर केलीच नसती.

तुमचं रेकॉर्डेड की लाइव्ह राहिलंच. रेकॉर्डेड घ्या की, स्वस्त आहे तर. लाइव्हमध्ये सर नुसतेच तासभर बोलणार असतील तर जास्तीचे पैसे कशाला? मात्र पैसे भरायच्या आधी दोन्हीकडे एकच विचारा, माझी असाइनमेंट कोण तपासणार आणि पुढची असाइनमेंटही तोच माणूस तपासणार का. "आमची टीम आहे" असं उत्तर आलं तर दर वेळी वेगळं कुणी असणार हे धरून चाला. रेकॉर्डेड घेतलात तर वाचलेल्या पैशांतून विषय येणारं कुणीतरी शोधा, आठवड्याला अर्धा तास, फक्त चुका बघायला. शिकवू नका म्हणावं, शिकवायला व्हिडिओ आहे.

आणि बॅचमेट्सचं म्हणाल तर मोठ्या ग्रुपमध्ये नोट्सच्या पीडीएफ आणि गुड मॉर्निंग यापलीकडे फार काही होताना मी पाहिलं नाही. तुमच्याच धड्यावर असलेला एक जण शोधा, आणि उत्तर बघण्याआधी एकमेकांची गणितं तपासा. दुसऱ्याची चूक पटकन दिसते. साहेबांच्या तक्त्यात याला कुठलीच पट्टी नव्हती.